कोकणाचं हिमाचल करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

कणकवलीकर:

नमस्कार मंडळी. शिमग्याला गावी गेलो होतो. रात्री मांडावर गजाली रंगल्या आणि त्यातच बातमी फुटली, की आमच्या वाडीवरचा चौदा एकर कातळ मुंबईच्या कुणा पार्टीने घेतलाय. मग काय, आवाज चढले. विकणारे घरी झोपले होते म्हणून बरं. एक काका उठून म्हणाले, "हिमाचलात बाहेरच्याला एक गुंठा मिळत नाही, म्हणून ते राज्य वर आलं. तसा कायदा करा, कोकणाचं हिमाचल होईल." आमच्या लहानपणी कोकणाचं कॅलिफोर्निया होणार होतं, आता हिमाचल. निदान देश तरी आपला आहे.

पण डोक्यातून जाईना. शोधायला गेलो तर सरकारी जाहिराती सापडतात. मुख्यमंत्री बदलतो, हसरा फोटो तोच आणि योजना प्रत्येक वेळी 'ऐतिहासिक'. तिकडे राहिलेलं, कामानिमित्त वावरलेलं कुणी आहे का इथं? सगळा डोंगर, कारखाने बेताचे, तरी शिक्षण-आरोग्यात नाव कसं? जमिनीच्या कायद्यामुळे, केंद्राच्या पैशामुळे की सफरचंदामुळे? आणि त्या योजना माणसापर्यंत पोचतात का? ग्रामसभेत बोलायचंय, तेव्हा ऐकीव नको.

टवाळ:

सफरचंदामुळेच. ते विकून पोरं शिकवतात. आपण हापूस विकून मुंबईला खोली घेतो.

पेटीवाला:

वाशी मार्केटला एका गाळ्यावर खरेदीचं काम बघतो. मूळचा जुन्नरकडचा. २००१ पासून दर वर्षी जुलै उजाडला की वर जायचं आणि ऑक्टोबरात उतरायचं, मधला मुक्काम कोटखाईच्या वर एका गावात. इतकी वर्षं एकाच घरी उतरतोय. घरधन्याला भाईजी म्हणतो, त्याच्या आईला अम्मा. त्यामुळे मी सांगतोय ते एका गावाच्या ओट्यावरून, अख्ख्या राज्याचं नाही. कांगडा किंवा चंब्यातला माणूस वेगळं सांगेल.

पहिल्या वर्षी पोचलो त्या संध्याकाळची गोष्ट. सातच्या सुमाराला एक सरकारी बस घरघरत वर आली, देवळापुढे उभी राहिली आणि तिथेच राहिली. ड्रायव्हर-कंडक्टर पंचायतीच्या खोलीत झोपले. सकाळी सहाला तीच बस कॉलेजची पोरं, दुधाचे कॅन आणि दिवस भरलेली एक बाई घेऊन खाली गेली. गावात घरं तीसेक. म्हटलं, ही तर आपली वस्तीची एसटी! आमच्या गावची तोवर बंद झाली होती. कारण काय, तर उत्पन्न नाही. तीस घरांच्या त्या गावात कसलं डोंबलाचं उत्पन्न? पण गाडी येत होती आणि अजून येते. कंडक्टर औषधं आणतो, कोर्टाची नोटीस आणतो, एकदा माझा विसरलेला चष्मा शिमल्याहून आणून दिला त्याने.

तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर त्या गाडीत आहे. आता जरा मागे जातो.

१५ एप्रिल १९४८ ला तीस लहान लहान संस्थानं एकत्र करून हिमाचल केलं. त्या वेळी तिथे मोटारीचा रस्ता तीनशे किलोमीटरसुद्धा नव्हता. आज चाळीस हजारांच्या आसपास आहे. १९६६ ला पंजाबातले कांगडा, कुल्लू वगैरे डोंगरी भाग आले आणि २५ जानेवारी १९७१ ला पूर्ण राज्य झालं. पहिले मुख्यमंत्री यशवंतसिंह परमार. सिरमौरचे, पेशाने न्यायाधीश राहिलेले. खुर्ची सोडली तेव्हा शिमल्याहून साध्या बसने घरी गेले, असं तिकडचा कुठलाही म्हातारा सांगतो, आणि सांगताना त्याचा आवाज बदलतो.

तुमचे काका म्हणतात तो कायदा १९७२ चा, कुळ आणि जमीन सुधारणेचा. त्याचं कलम ११८. गंमत अशी, की बाहेर सगळ्यांना हे कलम तेवढं माहीत. भाईजीच्या घरी मात्र त्याच कायद्याच्या दुसऱ्या टोकाचं कौतुक, कारण कसणाऱ्या कुळाला मालक केलं ते त्याच कायद्याने. भाईजीचा आजा दुसऱ्याच्या जमिनीवर राबायचा. कुळाची जमीन नावावर झाली, शिवाय 'नौतोड' मिळाली. नौतोड म्हणजे सरकारी पडीक डोंगर फोडून शेत करायला दिलेला तुकडा. त्या तुकड्यावर सफरचंद लागलं. कोटगढला स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी रेड डेलिशियस आणलं, तो पुढे सत्यानंद होऊन तिथलाच झाला, हे बरोबर. पण एका साहेबाच्या बागेने राज्य होत नाही. आधी जमीन नावावर आली, मग रस्ता आला, मग पेटी खाली गेली. रस्ता नसता तर खेचरावरून किती नेणार? आणि जमीन मालकाचीच राहिली असती तर तुमच्या काकांच्या हिमाचलातही सगळे बागेतले गडीच असते.

शाळेचं बघा. अम्मा अंगठा लावते. सून दहावी पास. नात शिमल्याला नर्सिंग करून तिथेच लागली. एका घरात तीन बायका, तीन पायऱ्या. १९५१ ला तिकडे दहात एकालाही लिहिता-वाचता येत नव्हतं. २०११ च्या जनगणनेत ८२.८ टक्के साक्षर, आपला महाराष्ट्र ८२.३. फुले दांपत्याचा महाराष्ट्र म्हणून आपण छाती फुगवतो आणि हे खेचरवाले कधी बरोबरीला आले ते कळलंही नाही. नव्वद टक्के लोक खेड्यात राहतात, हे लक्षात घेऊन आकडा वाचा.

१९८५ नंतर तिथे कुठलंही सरकार लागोपाठ दोनदा आलेलं नाही. दर पाच वर्षांनी भाकरी फिरवतात. शांताकुमार पाणीवाले, धूमल सडकवाले, वीरभद्रसिंह तर सहा वेळा मुख्यमंत्री. पण आलेल्याने गेलेल्याची शाळा मोडली, बस काढून घेतली, असं माझ्या गावात तरी झालं नाही. आता पोरंच नसलेल्या शाळा दुसऱ्या शाळांत मिळवतायत, त्यावरून कुरबुर आहे.

योजनांचं विचारलंत. मला दिसलेलं तेवढं सांगतो.

शेजारच्या घरात लकवा मारलेले एक चाचाजी आहेत. महिन्याला ३००० येतात, सहारा योजनेतून. ही २०१९ ची. अंथरुणाला खिळलेल्या गरीब माणसासाठी आहे. चाचाजींची बायको म्हणते, पैशापेक्षा हे बरं की औषधाला दिराकडे हात पसरावा लागत नाही. भाईजीच्या भावकीत एक पोरका मुलगा आहे. २०२३ ला सुखाश्रय म्हणून कायदा केला, अनाथ पोरं म्हणजे 'राज्याची मुलं'. त्याला महिना ४००० मिळतात, २७ वर्षांपर्यंत मिळणार. गडी आयटीआय करतोय, आणि पहिल्या पैशातून त्याने बूट घेतले ते मला मुद्दाम दाखवायला आणले होते.

बायकांना सरकारी बसमध्ये राज्याच्या हद्दीत अर्धं तिकीट, २०२२ पासून. हे आपल्याकडे पण आलं. दीड हजार रुपये महिना तिथेही आहे. आकडा आपल्या लाडक्या बहिणीएवढाच, वयाची अट १८ ते ५९. फरक एवढाच, की आपल्याकडे एकदम सगळीकडे सुरू झालं, तिकडे २०२२ च्या निवडणुकीत कबूल केलं आणि टप्प्याटप्प्याने देतायत. आधी लाहौल-स्पितीला. भाईजीच्या सुनेने अर्ज भरला त्याला बरेच महिने झाले. विषय काढला की ती हसते आणि चहा टाकते.

आता माझ्या धंद्याचं, कारण इथे मी खोटं बोलू शकत नाही. २०२३ पर्यंत सफरचंद पेटीवर विकलं जायचं. पेटी म्हणजे किती? टेलिस्कोपिक कार्टनचं सरकतं झाकण वर उचलत न्यायचं, थरावर थर, अठ्ठावीस किलो, कधी तीसच्याही वर. भाव मात्र पेटीचा. आमच्यासारख्यांचा त्यात फायदा होता, लपवत नाही. २०२३ ला वजनावर विक्री आली आणि २०२४ ला युनिव्हर्सल कार्टन, त्यात वीसेक किलोच बसतं. खरेदीदार कुरकुरले, मीही कुरकुरलो. भाईजी त्या दिवशी रात्री दोन पोळ्या जास्त जेवला. दीड हजाराच्या योजनेचे फलक रस्त्यावर लागले, या खोक्याचा फलक मी कुठे बघितला नाही. पण बागवानाच्या खिशात ज्याने खरा फरक पडला ते हेच.

अजून एक, जे जाहिरातीत येत नाही. बाग छाटतो कोण, पेट्या पाठीवर उतरवतो कोण? नेपाळी. काही कुटुंबं दोन पिढ्या तिथेच आहेत. बागेच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत राहतात. सहारा नाही, दीड हजार नाही. अम्मा त्यांच्या पोरांना ताक देते. योजना एवढीच.

बद्दीकर वहिनी:

पेटीवालेदादांनी वरचं हिमाचल सांगितलं, मी पायथ्याचं सांगते. बद्दीत चौदा वर्षं झाली. नवरा औषधाच्या कारखान्यात. २००३ ला केंद्राने करसवलत दिली आणि इथे औषध कंपन्यांची रांग लागली. तुम्ही सर्दीची गोळी घेतलीत तर पाकिटावरचा पत्ता वाचा, बऱ्याचदा आमचा असतो. तेव्हा 'कारखाने बेताचे' हे या पट्ट्यापुरतं खरं नाही. सिरसा नदीचं पाणी बघितलंत तर कारखाने जास्तच वाटतील.

कलम ११८ बद्दल काकांना सांगा, की ते फक्त मुंबईच्या पार्टीला अडवत नाही. आम्ही चौदा वर्षं भाड्याने राहतो. माझ्या सासऱ्यांचा सांगलीला सातबारा आहे, तो इथे कागदाचा तुकडा. शेतकरी म्हणजे हिमाचलात जमीन असलेला आणि ती कसणारा. एवढंच काय, आमची कामवाली इथलीच, तीन पिढ्यांची हिमाचली, पण शेतकरी नाही. तिलाही शेतजमीन घ्यायची तर सरकारची परवानगी लागते. आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो काय करतो? स्थानिकाच्या नावावर घेतो. बेनामीच्या गोष्टी सोलनला चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतात. हॉटेलं, गृहप्रकल्प परवानगीने होतातच.

तरीही खरं सांगू? हा कायदा नसता तर दिल्ली-चंडीगडच्या लोकांनी कसौलीपासून मनालीपर्यंत भिंती घातल्या असत्या. मला घर मिळत नाही म्हणून राग आहे, पण कायदा काढा असं म्हणवत नाही.

हिमकेअर नावाचा पाच लाखांचा आरोग्य विमा २०१९ ला सुरू झाला. कामवालीच्या नवऱ्याचं ऑपरेशन त्यात झालं, एक पैसा लागला नाही. सप्टेंबर २०२४ पासून खासगी रुग्णालयांत तो बंद केला, आता सरकारीतच. म्हणजे आमच्याकडची माणसं डोंगर चढून शिमल्याला किंवा बिलासपूरच्या एम्सला जाणार. घरात दुखणं असताना चार तासांचा घाट किती लांब असतो ते गेलेल्यालाच कळतं.

जमाखर्च:

आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं, म्हणून थोडं रुक्ष लिहितो.

एक: हिमाचल विशेष दर्जाचं राज्य आहे. केंद्राच्या योजनेत १०० रुपये खर्च झाले तर ९० केंद्राचे, १० राज्याचे. तुम्हाला हा दर्जा मिळणार नाही.

दोन: वित्त आयोगाकडून महसुली तूट भरायला जे अनुदान मिळे ते २०२१-२२ ला १०,२४९ कोटी होतं, २०२५-२६ ला ३,२५७ कोटी. उतार बघा. शिवाय जीएसटीपोटी राज्याला केंद्राकडून मिळणारी भरपाई जून २०२२ ला संपली.

तीन: एवढं असताना एप्रिल २०२३ पासून जुनी पेन्शन परत आणली, सुमारे १ लाख ३६ हजार कर्मचाऱ्यांसाठी. कर्ज एक लाख कोटींच्या घरात गेलंय, लोकसंख्या आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी. ऑगस्ट २०२४ ला मुख्यमंत्री-मंत्र्यांनी दोन महिन्यांचे पगार लांबणीवर टाकले आणि सप्टेंबरात कर्मचाऱ्यांचा पगार एक तारखेऐवजी पाच तारखेला झाला, पेन्शन दहाला. वहिनी म्हणतात त्या विम्याची कात्री याच कापडातली.

चार: रोहतांगखालचा अटल बोगदा, ९.०२ किलोमीटरचा, ऑक्टोबर २०२० चा. त्याने मनाली-केलांग अंतर ४६ किलोमीटरने कमी झालं आणि लाहौल हिवाळ्यात तुटायचं थांबलं. फार मोठं काम. पण ते केंद्राचं, सीमा सडक संघटनेचं. बिलासपूरचं एम्सही केंद्राचं. राज्य सरकारची कामगिरी मोजताना हे वेगळं काढा. तिकडच्या जाहिरातींत सगळं एकाच ताटात वाढलेलं असतं.

पाच: वीज. सतलजवरचा नाथपा झाकडी एकटा १५०० मेगावॅटचा. मोठ्या जलविद्युत प्रकल्पांतून राज्याला साधारण १२ टक्के वीज फुकट मिळते, ती विकून पैसा येतो. याच धरणांखाली कोण गेलं तेही लिहा. बियासवरच्या पोंग धरणाने उठवलेल्यांना राजस्थानात श्रीगंगानगरकडे जमीन कबूल केली होती. सत्तरच्या दशकातलं प्रकरण, नातवंडं अजून खेटे घालतायत. कोयनेवाल्यांना हे वेगळं समजावायला नको.

टवाळ:

म्हणजे कणकवलीकर, आधी ९०:१० चा दर्जा आणा, मग एक सतलज आणा. मग ग्रामसभा बोलवा.

कणकवलीकर:

सगळ्यांचे आभार. वहिनींचं वाचून काकांचा मुद्दा अर्धा उरला. आपल्याकडेही शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते, कूळ कायद्याचं कलम ६३. पण सातबारा घाटावरचा असला तरी चालतो, त्यामुळे कातळ कुठल्या कुठे जातो.

पेटीवालेदादा, एक राहिलं. २०२३ च्या पावसाच्या बातम्या बघितल्या होत्या. डोंगर कापून रस्ते केले म्हणून ते झालं म्हणतात. म्हणजे तुम्ही ज्या रस्त्याचं कौतुक करता त्यानेच घात केला ना? आमच्याकडे घाटात चौपदरी चाललंय, म्हणून विचारतो.

पेटीवाला:

बरोबर जागी बोट ठेवलंत. उशीर झाला, कालच परवाणूहून गाडी सोडली.

२०२३ ला मी तिथेच होतो. जुलैत सुरू झालं आणि ऑगस्टच्या मध्यावर कहर झाला. १४ ऑगस्टला शिमल्याला समरहिलचं शिवमंदिर दरडीखाली गेलं, वीस माणसं गेली. सोमवार होता, श्रावणातला. आमच्या गावचा जोडरस्ता तीन ठिकाणी तुटला. झाडावर फळ तयार, खाली ट्रक नाही. पाठीवरून, दोरावरून जेवढं निघालं तेवढं काढलं. उरलेलं लोकांनी नाल्यात ओतलं, मी बघितलंय. लाल नाला. भाईजी बघायला आला नाही, घरात बसून राहिला.

पण रस्ता आणि रस्ता यात फरक आहे. गावचा जुना रस्ता डोंगराच्या कलाने जातो, वळणं घेत, एक बस जेमतेम. बांधायला वेळ लागला, पण पायरीपायरीने दगड रचून केलेला. तो तुटला तर पंधरा दिवसांत गावाने आणि जेसीबीने मिळून चालू केला. खालचा चौपदरी, परवाणू-सोलनचा, सरळ उभा काप घेऊन केलाय. तो दर पावसाळ्यात उतरतो. मी दोन्हींवरून वर्षानुवर्षं गाड्या काढल्यात, कापलेल्या डोंगराखाली ड्रायव्हर गाणं बंद करतो. तुमच्या घाटाचं इंजिनिअर सांगतील, पण काप किती उभा आहे ते स्वतः जाऊन बघा आणि पाण्याला वाट कुठे ठेवलीय ते विचारा.

आणि त्या पावसात वस्तीची गाडी बावीस दिवस बंद होती. तेविसाव्या दिवशी संध्याकाळी वर आली. मागची काच फुटलेली, तिला पुठ्ठा लावलेला. युनिव्हर्सल कार्टन तेव्हा आलं नव्हतं, जुन्या मोठ्या पेटीचाच पुठ्ठा होता. अम्मा काठी टेकत देवळापर्यंत गेली. कंडक्टरने पिशवीतून तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या काढून दिल्या. पोस्टातलं काही नाही का, हे तिने विचारलंच.

ग्रामसभेत कायद्याचं बोला, जरूर बोला. पण त्याच दिवशी तुमच्या वाडीची वस्तीची एसटी कुठल्या साली बंद झाली आणि कुणी कुणी तेव्हा अर्ज केला होता, तेही विचारा. आमच्या गावात मी विचारलं, तर अर्ज कुणीच केला नव्हता. मीसुद्धा नाही.

खरंच बघायचं असेल तर ऑगस्टअखेर या. शिमल्याहून कोटखाईची गाडी दुपारच्या आत धरा. वर थंडी असते, घोंगडी आणू नका, अम्मा देते.